मदत हवी आहे: एकट्या छोट्या गाढवाला सोबत कुणाची द्यावी? (चोपडा, जि. जळगाव)

सातपुडा_पायथा

राम राम मंडयी. मळ्यात 'मिनिएचर' म्हणून विकत आणलेलं एक नर गाढव आहे. वय अंदाजे ३ वर्षं, खांद्यापाशी उंची ८८ सेंमी, छातीचा घेर १०० सेंमी. खच्ची केलेलं नाही. आणून दीड महिना झाला. एकटंच असतं. सकाळ-संध्याकाळ खूप ओरडतं, कुंपणालगत येरझाऱ्या घालून जमिनीत वाट पडली आहे, लाकडी गव्हाण कुरतडतं. रोज दादरचा (रब्बी ज्वारीचा) कडबा, अर्धा किलो सरकीची ढेप आणि घरातल्या उरलेल्या भाकरी देतो. मळ्यात ४ शेळ्या, एक गाय, तिचं वासरू आणि कुत्रा आहे. शेळ्यांमध्ये सोडलं तर सोबत होईल का? की घोड्याचं शिंगरू आणावं? दुसरं मिनिएचर या भागात मिळत नाही.

पांझराकाठ

दादा, गाढवाला सोबत गाढवाचीच लागते. येरझाऱ्या, ओरडणं, लाकूड कुरतडणं ही एकटेपणाचीच लक्षणं आहेत, आणि शेळी आणून ती जात नाहीत. गाढव एका जोडीदाराशी घट्ट बांधलं जातं. दोघं एकमेकांची मान-पाठ दातांनी खाजवतात, शेपटीकडे तोंड करून उभं राहून एकमेकांच्या माश्या हाकलतात, एकाच वेळी चरतात नि विसावतात. शेळीला यातलं काही करता येत नाही.

खच्ची न केलेला नर शेळ्यांत सोडणं तर धोक्याचंच. नर गाढवं खेळताना एकमेकांची मान आणि गुडघे चावतात. दुसरं गाढव तो चावा पेलतं, पण त्याच चाव्यानं शेळीची मान मोडते, करडू तर वाचतच नाही. वासरासोबत शिंगं नि खुराक दोन्हींची अडचण. कुत्र्याला बहुतेक गाढवं शत्रू समजतात, अंगावर धावून जातात आणि पुढच्या पायांनी तुडवतात. घोड्याचं शिंगरू वर्षभरात वजनानं याच्या दुप्पट होईल, त्याची एक लाथ याला पुरेशी आहे. शिवाय गाढवाच्या फुफ्फुसात राहणारे जंत गाढवाला फारसे जाणवत नाहीत, घोड्याला मात्र त्यांनी जोरदार खोकला लागतो.

आता 'मिनिएचर मिळत नाही' याबद्दल. मूळ मिनिएचर जात सिसिली आणि सार्डिनिया बेटांवरची, खांद्यापाशी ३६ इंचांपर्यंत, म्हणजे ९१ सेंमी. आपल्याकडच्या कुंभार, वडार, बेलदार मंडळींकडचं साधं राखाडी गाढवही बहुधा एवढंच असतं. त्यामुळे जोडीदार शोधायला लांब जायची गरज नाही. उंचीत ८-१० सेंमींपेक्षा जास्त फरक नको, वय जवळपासचं हवं. हालारी किंवा कच्छी या गुजरातेतल्या जाती आणू नका, ती मोठी पडतात.

पशुवैद्य_धुळे

जोडीदार आणण्याआधी याचं खच्चीकरण करून घ्या. सर्वांत योग्य वय ६ ते १८ महिने, पण ३ वर्षांचं असलं तरी करता येतं. दिवस थंडीचे निवडा, डिसेंबर-जानेवारी, म्हणजे जखमेवर माशी बसून अळ्या पडत नाहीत. आधी धनुर्वाताची लस झालेली हवी. तुमच्या डॉक्टरांशी एक गोष्ट आवर्जून बोला: गाढवाच्या वृषणाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या जाड असतात, नुसत्या चिमट्यानं चेपून सोडल्या तर नंतर रक्तस्राव होतो, म्हणून टाका घालून बांधणं चांगलं. खच्चीनंतरही ६ आठवडे मादीजवळ सोडू नका, तोवर गर्भ राहू शकतो. गाढवीचा गाभणकाळ जवळपास १२ महिन्यांचा असतो, तेव्हा चूक वर्षभरानं उघडी पडते.

येणाऱ्या जनावराला ३ ते ४ आठवडे वेगळं ठेवा. भांडी, बादली, दोर वेगळे. ग्लँडर्ससाठी (घोडे-गाढवांचा जिवाणूंमुळे होणारा संसर्गजन्य रोग) रक्ताची तपासणी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातून करून घ्या. हा रोग माणसालाही होतो, म्हणून ही पायरी गाळू नका. त्याच काळात शेणाची तपासणी करून गरज असेल तरच जंताचं औषध. डोस वजनावर ठरतो, अंदाजानं नाही.

वजनकाटा नसेल तर घेर आणि उंचीवरून बऱ्यापैकी अंदाज येतो. तुमच्या मापांवरून तुमचं गाढव साधारण १०० किलोचं आहे.

दादर_कडबा

खुराकाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो, कारण खरी घाई तिथं आहे. ढेप आणि भाकरी आजच निम्मी करा, ८-१० दिवसांत पूर्ण बंद. गाढव हे कोरड्या, भरड चाऱ्यावर जगणारं जनावर. जादा पिष्ट नि साखर मिळाली की मानेवर चरबीचा वळ चढतो, पाठीवर गोळे येतात आणि खुराच्या आतल्या थरांना सूज येते. त्याला लॅमिनायटिस म्हणतात. चालताना जमीन तापल्यासारखं पाऊल टाकतं.

१०० किलोच्या गाढवाला दिवसाला दीड ते दोन किलो वाळला चारा पुरतो. गव्हाचा भुसा आणि कडबा अर्धा-अर्धा. कडब्याची कुटी २-३ इंचांची करा. जाड कांडं दातांना पेलत नाहीत, अर्धवट चावून गिळली की आतड्यात तटतात. नुसता बारीक भुसाही नको, पाणी कमी पडलं की त्याचा गोळा बसतो. दिवसभरात ४-५ वेळा थोडं थोडं टाका, म्हणजे तोंड चालू राहतं आणि गव्हाणही वाचते. हिरवी लसूणघास चवीपुरती मूठभर.

बुरशी आलेला मका अजिबात नाही. आपल्याकडे पावसात भिजलेली कणसं जनावरांपुढे टाकायची सवय आहे. गाय-बैल ते पचवतात, पण त्या बुरशीच्या विषानं घोडा आणि गाढव यांचा मेंदू सडतो, उपचार नाही. कोवळी हिरवी ज्वारीही टाळा. कोंबड्यांचं किंवा गुरांचं तयार खाद्य बघून घ्या: त्यात मोनेन्सिन (कोंबड्या-गुरांच्या खाद्यात मिसळतात ते औषध) असेल तर थोड्या प्रमाणातही गाढवाचं हृदय बंद पडतं. कण्हेर आणि बेशरम कुंपणाला असतील तर उपटून टाका.

सातपुडा_पायथा

मंडळी, आभार. ढेप आजपासून कमी करतो. दोन गोष्टी राहिल्या. दुसरं आणल्यावर दोघांना एकत्र सोडायचं कसं? आणि पावसाळ्यात आमची काळी माती पार चिखल होते, त्याचं काय?

पांझराकाठ

पहिला टप्पा: वेगळं ठेवण्याचे दिवस संपले की दोन कुंपणांत, मध्ये ६-७ फूट अंतर ठेवून, एकमेकांना दिसतील असं ठेवा. ४-५ दिवसांनी एकच कुंपण मध्ये. नाकाला नाक लावून हुंगू लागले, कान पुढे असले, तर पुढचा टप्पा. दोघांना मोकळ्या वावरात सोडा, बंद गोठ्यात कधीच नाही. कोपऱ्यात सापडलेलं जनावर पळू शकत नाही, मग लाथा बसतात. चाऱ्याचे ढीग दोन नव्हे, तीन ठेवा, २५ फुटांवर. थोडा पाठलाग, ओरडणं, मानेला तोंड लावणं चालतं. एक दुसऱ्याला गुडघ्यावर बसवू लागलं किंवा चावा सोडत नसेल तर वेगळे करा आणि कुंपणाच्या टप्प्यावर परत या.

विकत घेताना विक्रेत्याला विचारा की याचा जोडीदार कोण. घट्ट जोडी फोडून एकच आणलं तर ते चारा सोडतं. तशी जोडी असेल तर दोन्ही घ्या. मात्र तिघांत एक बाजूला पडत नाही ना, हे बघत राहा.

निवाऱ्याला दोघांसाठी किमान ९ चौरस मीटर. गाढवाच्या केसांवरून पाणी ओघळत नाही, ते आत मुरतं, म्हणून छप्पर नि पश्चिमेची भिंत हवीच. जमिनीवर फूटभर मुरूम टाकून दाबून घ्या, उतार बाहेर. सततच्या चिखलात खूर मऊ पडून आतून पोकळ होतो नि पू धरतो. रोज खूर खरवडा, ६ ते १० आठवड्यांनी छाटणी. नालबंदाला आधीच सांगा, घोड्यासारखी टाच खाली घेऊ नका, गाढवाचा खूर उभाच असतो.

पशुवैद्य_धुळे

नवं जनावर आल्यावर पहिले १५ दिवस त्याचा जुना चारा सोबत आणून हळूहळू बदला. रोज सकाळी दोघांच्या खाण्याकडे लक्ष. ताण आला आणि खाणं थांबलं की गाढवाच्या शरीरातली चरबी रक्तात उतरते, यकृत निकामी होतं. लठ्ठ आणि छोट्या गाढवांत हे लवकर होतं. गाढव दुखणं दाखवत नाही, नुसतं मलूल उभं राहतं. एक दिवस चाऱ्याला तोंड लावलं नाही तर 'उद्या बघू' म्हणू नका, त्याच दिवशी डॉक्टर बोलवा. निरोगी गाढवाचं तापमान ३६.५ ते ३७.८ अंश सेल्सिअस, नाडी मिनिटाला ३६ ते ५२. थर्मामीटर घरात ठेवा.

दादर_कडबा

सारंगखेड्याचा बाजार घोड्यांचा. गाढवांसाठी जेजुरीचा पौष पौर्णिमेचा बाजार किंवा होळीनंतर मढीचा (ता. पाथर्डी). जेजुरी थंडीत पडते, वाहतुकीला ती बरी. पिकअपच्या तळाला माती नि भुसा टाका, लोखंडी पत्र्यावर पाय घसरतो. पाणी दर ३-४ तासांनी, आणि गळ्यातला दोर गाडीला आखडून बांधू नका.