अराकूची कॉफी कुणाच्या बापाची?

भटक्या_विमुक्त: अराकू खोऱ्यातल्या कॉफीवरून शेजारच्या ओडिशातल्या कोरापुट जिल्ह्याला हिणवणारं कालच्या पोस्टमधलं वाक्य: "अराकू म्हणजे आंध्र, विषय संपला. कोरापुटवाल्यांनी आयत्या बिळावर नागोबा होऊ नये." विषय असा संपत नसतो हो. 2019 ला 'अराकू व्हॅली अरेबिका' कॉफीला जीआय (भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावायचा हक्क) मिळाला, त्याच्या सरकारी वर्णनातच विशाखापट्टणमचा डोंगराळ भाग *आणि* ओडिशा दोन्ही आहेत. आणि 1936 ला ओडिशा प्रांत होईपर्यंत कोरापुट होतं कुठे? मद्रास इलाख्यातल्या विशाखापट्टणम जिल्ह्यातच! डोंगर तोच, पिकवणारे आदिवासीही दोन्हीकडे.

वाल्तेरकर: पोस्ट माझीच. नोकरीमुळे इथेच विशाखापट्टणमला राहतो. आंध्रातल्या पाडेरूकडे जाऊन बघा, सिल्व्हर ओकच्या झाडांवर मिरीचे वेल चढवलेत, खाली सावलीत कॉफी, बायका पिकलेलं लाल फळ तेवढं निवडून खुडतात. 2017 ला पॅरिसात दुकान निघालं ते अराकूच्या नावानं. कोरापुटला स्वतःच्या नावाची लाज वाटते का?

आंबेवाला_देवगड: तुम्ही कॉफीचं घेऊन बसलात! मागच्या मोसमात पुण्यात मेव्हण्यानं पेटी आणली. वर झोकात 'देवगड हापूस', खाली अस्तराला कन्नड पेपर. साल जाड, आत पिवळाधम्मक. जीआय घेऊन काय चाटायचंय?

भटक्या_विमुक्त: काका, विषय कॉफीचा आहे.

आंबेवाला_देवगड: नावाचा आहे ना? मग माझाच आहे. बाग तुमची नाही, फवारणीचं बिल तुम्ही भरत नाही.

सीमाभाग_निपाणी: कोल्हापुरी चपलेचा जीआय चार जिल्हे महाराष्ट्राचे, चार कर्नाटकचे असा आहे. कर्नाटकातल्या अथणीचा कारागीर चोर का मग?

आंबेवाला_देवगड: चपला शिवतात तिथे. आंबा मातीत येतो. शेंबड्या पोरालाही कळतं.

सीमाभाग_निपाणी: तोंड सांभाळून. आमच्या गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या कातडं कमावतात, तुमच्या मेव्हण्याच्या पेटीवरून अक्कल शिकवू नका.

वाल्तेरकर: कॉफीपण मातीतच येते, म्हणजे काका माझ्या बाजूने!

भटक्या_विमुक्त: कसे? माती सीमेपाशी बदलते का? तिकडे कोरापुटच्या नावानं सरकारी संस्था कॉफी विकतेय, म्हणजे लाजबिज काही नाही.

वाल्तेरकर: बरं बाबा, जीआयच्या कागदावर ओडिशा आहे, मान्य. लावा झेंडा. पण पॅरिसचं दुकान आमचंच.

आंबेवाला_देवगड: त्या दुकानात अस्तराला कुठला पेपर घालतात, बघून या.