'ब्ल्यू मंडे'ला १९८८ च्या रिमिक्सची गरजच नव्हती

तबकडी_ठाणे

परवा एकाने विचारलं की मँचेस्टरच्या न्यू ऑर्डर बँडची 'ब्ल्यू मंडे' विनाईलवर घ्यायची तर १९८३ ची मूळ घेऊ की १९८८ ची रिमिक्स, आणि चार जणांनी पटकन सांगून टाकलं की ८८ ची घे, साऊंड मोठा आहे. मला हे अजिबात पटलं नाही, तिथे दोन ओळीत लिहून भागणार नाही म्हणून वेगळा धागा काढतोय.

माझं म्हणणं सरळ आहे. हे गाणं जन्मालाच बारा इंची, म्हणजे मोठ्या तबकडीवरचं सिंगल, म्हणून आलंय. एरवी काय व्हायचं, आधी तीन-चार मिनिटांचं गाणं, रेडिओसाठी सात इंची, आणि मग क्लबसाठी त्याला ओढूनताणून सात मिनिटांचं करायचं. इथे तसं नाही. मार्च १९८३ मध्ये मँचेस्टरच्या फॅक्टरी रेकॉर्ड्स या लेबलने ही काढली, कॅटलॉग नंबर फॅक ७३, साडेसात मिनिटांचं गाणं, आणि ब्रिटनमध्ये त्याची सात इंची काढलीच नाही. म्हणजे एक्स्टेंडेड व्हर्जन वगैरे काही नाही, आहे ते हेच. दोन मिनिटं उलटून जातात तरी गायक बर्नार्ड समनर तोंड उघडत नाही, आणि तोपर्यंत आपण पूर्ण अडकलेलो असतो.

आता हेडफोन लावून सुरुवात ऐका. ओबरहाइम डीएमएक्स ड्रम मशीनचा किक, दोन ठोके मोकळे आणि मग सलग धडधड, बाकी काही नाही. मग ती तुटक सिंथची सुरावट येते आणि ती तालाच्या किंचित बाजूला पडल्यासारखी वाटते, कारण बँडच्या जिलियन गिल्बर्टने सिक्वेन्सर (सूर आपोआप वाजवणारं यंत्र) हाताने एकेक आकडा लिहून प्रोग्राम केला होता आणि त्यात एक स्वर सुटला. बँडने ते तसंच ठेवलं. नंतर मूग सोर्स सिंथचा बेस, आणि त्या सगळ्या मशीनच्या वर पीटर हूकचा हाताने वाजवलेला बास गिटार. एकेक गोष्ट येते, जागा धरते, मगच पुढची येते. हा क्रम आणि हा धीर म्हणजेच गाणं आहे हो! १९८८ मध्ये रिमिक्स करताना अमेरिकन निर्माते क्विन्सी जोन्स आणि जॉन पोटोकर यांनी नेमका तोच मोडला. ड्रम फुगवले, वर नवे आवाज टाकले, आणि सात इंचीवर तर सगळं चार मिनिटांत कोंबलं. चांगल्या माणसांनी केलं म्हणून चांगलं झालं असं नाही.

ज्यांना ८८ आवडते त्यांनी बिनधास्त लिहा, पण कारण द्या, 'साऊंड मोठा' हे कारण नाही.

बेसलाईन_बंड्या

पूर्ण असहमत. कारण मागितलंय तर देतो.

१९८३ मध्ये हे गाणं ब्रिटनच्या चार्टवर आधी बाराव्या नंबरपर्यंत गेलं, मग वर्षाच्या शेवटाकडे परत चढून नवव्यापर्यंत. १९८८ ची व्हर्जन तिसऱ्या नंबरवर गेली. पाच वर्षं जुनं गाणं, ज्यांना घ्यायचं होतं त्यांनी आधीच घेतलेलं, आणि तरी तिसरा नंबर. हे लोक कोण होते? जे १९८३ मध्ये शाळेत होते ते, आणि ज्यांच्या घरी रेडिओवर साडेसात मिनिटांचं गाणं कुणी वाजवत नव्हतं ते. त्यांच्यापर्यंत हे गाणं त्या 'मोडलेल्या' व्हर्जननेच नेलं. त्याचा तो व्हिडिओ, विल्यम वेगमनचा कुत्रा आणि रॉबर्ट ब्रीअरची हाताने काढलेली ॲनिमेशनची पानं, तोही याच रिमिक्सचा.

आणि क्विन्सी जोन्स म्हणजे कुणी बाहेरून आलेला उपटसुंभ नव्हता, अमेरिकेत न्यू ऑर्डरचे रेकॉर्ड त्याच्याच क्वेस्ट लेबलवर निघत होते. त्याला अमेरिकेतल्या डान्स फ्लोअरचा कान होता. १९८३ ते १९८८ या काळात फ्लोअरवर काय काय बदललं बघा, शिकागोचं हाऊस हे नाचाचं संगीत मँचेस्टरपर्यंत येऊन पोचलं होतं. त्या रात्रीत डीएमएक्सचा तो कोरडा किक इतर रेकॉर्डच्या शेजारी लावला तर बारीक वाटणारच, डीजेला शेजारच्या गाण्याशी जुळवून घ्यावं लागतं, म्युझियममध्ये लावायचं नसतं.

खरखर

+१ तबकडी_ठाणे. ८८ ऐकताना मला कायम वाटतं की कुणीतरी चांगल्या घराला पीओपी करून घेतलंय.

मुक्काम_सॅलफर्ड

मी इथे मँचेस्टरच्या शेजारीच राहतो, त्यामुळे या विषयावर गप्प बसणं जमत नाही.

विनाईलचं भौतिक कारण दोघांनीही सोडून दिलंय. बारा इंचीची गरजच मुळात आवाजातून आली. तबकडीवर खोबण जितकी रुंद तितका बेस दणदणीत, पण रुंद खोबणीला जागा लागते. सात इंचीवर गाणं लांबवलं की खोबणी चिकटून चिकटून काढाव्या लागतात, मग बेस कापावा लागतो आणि आवाजाची पातळीही खाली आणावी लागते, नाहीतर सुई उडते. न्यूयॉर्कमध्ये सत्तरच्या दशकात टॉम मोल्टनने मोठ्या तबकडीवर गाणं कापून घेतलं तेव्हा हे लक्षात आलं, आणि १९७६ ला सॅल्सोल लेबलने वॉल्टर गिबन्सचा रिमिक्स दुकानात विकायला बारा इंचीवर काढला. म्हणजे बारा इंची आणि रिमिक्स हे पहिल्यापासून जोडीने आलेत. 'बारा इंची खरी, रिमिक्स खोटा' अशी फाळणी इतिहासात कुठेच नाही.

तबकडी_ठाणे, तुम्ही ज्या धीराबद्दल लिहिलंय तो धीर न्यू ऑर्डरला कुठून मिळाला? डिस्को रिमिक्समधूनच. बँडने स्वतः सांगितलंय की सिल्व्हेस्टर, डॉना समर, क्लाइन अँड एमबीओ हे सगळं त्यांच्या कानात होतं. एकेक वाद्य आत आणायचं, मधे सगळं काढून फक्त ताल ठेवायचा, परत भरायचं, हे व्याकरण रिमिक्स करणाऱ्यांनी घडवलंय. आणि मधे जे गूढ कोरससारखे आवाज येतात ते क्राफ्टवर्क या जर्मन बँडच्या १९७५ च्या रेकॉर्डवरून घेतलेले आहेत. मग दुसऱ्याने यांच्या टेपला हात लावला तर सोवळं कशाला पाळायचं?

तबकडी_ठाणे

@मुक्काम_सॅलफर्ड सोवळं पाळत नाहीये हो. रिमिक्स या प्रकाराला माझा विरोध कुठेच नाही, शीर्षक परत वाचा, '१९८८ च्या' असं लिहिलंय. वॉल्टर गिबन्सने काय केलं? छोट्या गाण्यात दडलेली जागा शोधली आणि ती मोकळी केली. 'ब्ल्यू मंडे'त ती जागा आधीच मोकळी होती. तिथे रिमिक्स करणाऱ्याला काम काय उरलं? जागा भरायची. तेच झालं.

@बेसलाईन_बंड्या चार्टचं म्हणाल तर मूळ बारा इंचीला कुठल्याही मदतीची गरज पडली नाही. जगातली सगळ्यात जास्त खपलेली बारा इंची म्हणून हिचंच नाव घेतात. फॅक्टरी ब्रिटिश रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेची सभासद नव्हती म्हणून गोल्ड डिस्क मिळाली नाही इतकंच. लोक बारा इंची घ्यायला दुकानात जात होते, साडेसात मिनिटं आहेत हे माहीत असून जात होते.

रेकॉर्डवाली

कव्हरचा विषय कुणीच काढला नाही? माझ्यासाठी १९८३ जिंकते ती तिथेच.

डिझायनर पीटर सॅव्हिलने ते कव्हर फ्लॉपी डिस्कसारखं केलं, पुठ्ठ्याला खरोखर भोकं पाडलेली, आतला चंदेरी कागद त्यातून दिसतो. पुढे ना बँडचं नाव ना गाण्याचं. उजव्या कडेला रंगांचे लहान लहान चौकोन एकाखाली एक, आणि ती सांकेतिक लिपी आहे, वाचायची किल्ली 'पॉवर, करप्शन अँड लाइज' या त्यांच्या एलपीच्या मागच्या बाजूला रंगचक्राच्या रूपात दिलेली. रंग जुळवत बसलं की अक्षर अक्षर करत नाव लागतं. आणि गंमत म्हणजे ब्रिटनमध्ये जी एलपी निघाली तिच्यात हे गाणं नाहीच! म्हणजे गाण्याचं नाव वाचायला ज्यात गाणं नाही ती रेकॉर्ड घ्यायची. एवढा विचार त्या लोकांनी एका सिंगलवर केला. गाणं पूर्ण मशीनवर बेतलेलं, म्हणून कव्हरही मशीनच्या भाषेत.

ती भोकं पाडायचा खर्च इतका होता की सुरुवातीच्या प्रत्येक प्रतीमागे फॅक्टरीला तोटा झाला असं फॅक्टरीचा टोनी विल्सन सांगायचा. किती पेन्स यावर प्रत्येकाचा आकडा वेगळा, आणि गोष्ट रंगवून सांगायची त्या मंडळींना सवयही होती, त्यामुळे तो भाग मी फार धरून बसत नाही. नंतरच्या प्रिंटमध्ये भोकं गेली, साधा पुठ्ठा आला. हातात घेतल्यावर फरक लगेच कळतो.

बेसलाईन_बंड्या

@रेकॉर्डवाली कव्हर अप्रतिम, वादच नाही. पण आपण कव्हर नाचवत नाही ना. काळोख्या क्लबमध्ये कुणाला कव्हर दिसतंय, तिथे फक्त स्पीकर आहे आणि लोक आहेत.

डीजे_म्हापसा

मला वेगळ्या बाजूने बोलायचंय. आमच्याकडे गोव्यात ऐंशीच्या दशकात हणजूणच्या किनाऱ्यावर जे परदेशी डीजे वाजवायचे त्यांनी युरोपातलं सिंथ-पॉप, ईबीएम (इलेक्ट्रॉनिक बॉडी म्युझिक) असंच सगळं आणलं होतं, पण विनाईलवर नाही, कॅसेटवर. उष्मा, वाळू, धूळ, तबकडी तिथे टिकतच नाही. आणि ते काय करायचे, गाण्यातला गाणारा भाग कापून टाकायचे, वाजवण्याचा तुकडा परत परत जोडायचे, जेणेकरून चार मिनिटांचं गाणं शब्दांशिवाय दहा मिनिटं चाललं पाहिजे. पुढे गोवा ट्रान्स म्हणून जे जगभर गेलं त्याची मुळं या कापाकापीत आहेत.

म्हणून मला 'मूळ व्हर्जन पवित्र' हा सूर झेपत नाही. नाचायच्या संगीताचं पोट सतत कापण्या-जोडण्यावरच भरतं. ते थांबवलं असतं तर गोवा ट्रान्स झालाच नसता. ८८ वाईट आहे असं म्हणा हवं तर, तो कानाचा प्रश्न आहे. पण 'गरज नव्हती' हे वाक्य मी नाही मान्य करणार, गरज फ्लोअर ठरवतो.

तबकडी_ठाणे

@डीजे_म्हापसा तुमचा मुद्दा मला मनापासून आवडला, आणि तो माझ्या बाजूचा आहे असं मी म्हणेन. हणजूणला कापणारा माणूस कशासाठी कापत होता? समोर नाचणाऱ्यांना गाणं लांब हवं होतं, कमी शब्दांचं हवं होतं. तो काढून टाकत होता. ८८ ला उलटं झालं, गाणं छोटं केलं, आवाज वाढवले. आणि तुमच्या किनाऱ्यावर जे हवं होतं ते १९८३ च्या बारा इंचीत तयारच आहे, दोन मिनिटांहून जास्त नुसती वाजवणी आणि शेवटीही गाणं संपल्यावर मोकळं सोडलेलं.

१९९५ ला हार्डफ्लोअरने केलेला रिमिक्स मला ८८ पेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटतो ते यामुळेच. ड्युसेलडॉर्फची ती जोडी सरळ आपला टीबी-३०३ बेस सिंथ घेऊन आली, तो ॲसिडचा वळवळणारा आवाज वर सोडला, आणि गाणं स्वतःच्या गावाला घेऊन गेली. ते चार्टवर सतराव्यापर्यंतच गेलं, जाऊ दे. पण त्यात कुणीही 'ब्ल्यू मंडे'ला नीटनेटकं करायला बसलेलं नाही.

मुक्काम_सॅलफर्ड

मग आता मी एकच गोष्ट विचारतो. १९८३ च्या तबकडीची दुसरी बाजू उलटून कधी ऐकलीत? 'द बीच' नावाने जे आहे ते 'ब्ल्यू मंडे'चंच दुसरं रूप आहे, तोच ताल, तोच बेस, शब्दांचा नेहमीचा मुखडा-अंतरा गायब, डबसारखे (जमैकाच्या रेगेतली रिमिक्सची पद्धत) प्रतिध्वनी. म्हणजे या गाण्याचा पहिला रिमिक्स बँडने स्वतः केला आणि त्याच तबकडीच्या मागे छापला. ज्या रेकॉर्डला तुम्ही 'आहे ते हेच' म्हणताय ती पहिल्या दिवसापासून दोन व्हर्जनची होती.

रेकॉर्डवाली

हा मुद्दा जबरदस्त आहे. आणि 'द बीच' मला तर पहिल्या बाजूपेक्षा कधी कधी जास्त आवडते, विशेषतः मोठ्या आवाजात.

तबकडी_ठाणे

ऐकलीय, भरपूर ऐकलीय, आणि माझ्याकडच्या प्रतीची तीच बाजू जास्त झिजलीय. 'द बीच' हा रिमिक्स आहे हे शंभर टक्के कबूल, म्हणूनच तर म्हणतोय. त्यांनी स्वतःच्या गाण्यातून गाणारा काढला, मागचा सांगाडा पुढे आणला, आणि सांगाडा एकटा उभा राहू शकतो हे दाखवलं. जॉन पोटोकरच्या हातात पाच वर्षांनी तीच सामग्री आली, आणि त्या सांगाड्यावर विश्वास न ठेवता त्याने त्याला कपडे चढवले. या दोन गोष्टींना एकच शब्द लावता येत असेल, पण काम एक नाही.

ज्याने मुळात प्रश्न विचारला होता त्याच्यासाठी: १९८३ चा पहिला प्रिंट भोकांसकट हवा असेल तर खिसा सैल करावा लागेल. नुसतं ऐकायचं असेल तर २०२० ला बारा इंची नव्याने रीमास्टर करून काढलीय, ती घे. आणि घेतलीस की आधी मागची बाजू लाव.

बेसलाईन_बंड्या

मागची बाजू लाव हे मान्य. आणि ती झाली की ८८ पण लाव, मोठ्या स्पीकरवर, घरच्या छोट्या सेटवर नको. मग इथे येऊन सांग तुझे पाय कुठल्या व्हर्जनला आधी हलले.