मदत हवी आहे: हत्शेपसुतचं नाव इतक्या उशिरा का पुसलं?

नमस्कार मंडळी. वाचनकट्ट्यावर मला प्राचीन इजिप्तच्या हत्शेपसुत राणीवर बोलायचंय आणि एका ठिकाणी गाडी अडलीय.

सावत्र मुलगा तिसरा थुटमोस लहान, म्हणून ही कारभार बघू लागली, इथवर ठीक. पण काही वर्षांत थेट फेरो, म्हणजे इजिप्तचा राजाच, पुतळ्यांना खोटी दाढीसुद्धा! साधारण इ.स.पू. १४७९ ते १४५८ तिचा काळ. लक्सरजवळ दैर अल-बहरीच्या तिच्या देवळात पुंत नावाच्या दूरच्या देशाच्या मोहिमेची शिल्पं आहेत. गंधरसाची झाडं मुळांसकट टोपल्यांत घालून, काठीला अडकवून माणसं जहाजावर चढवताहेत. (हौस बघा बाईची!)

आता प्रश्न. तिची नावं छिन्नीने खरवडली, पुतळे फोडले, पण हे झालं ती गेल्यावर वीसेक वर्षांनी, थुटमोसच्या कारकिर्दीच्या अखेरीस. सूडच घ्यायचा तर इतका थांबला कशाला? मुलाचा, दुसऱ्या आमेनहोतेपचा, वारसा पक्का करायला, असं एक मत आहे आणि मला ते जास्त पटतं. फेरो म्हणून असलेल्या खुणा पुसल्या, राणी म्हणून असलेल्या बऱ्याच तशाच ठेवल्या, हेही त्याच्याशी जुळतं.

कोणी यावर नीट वाचलंय का? दुसरं काही कारण सांगितलं जातं का? लक्सरला जाऊन आलेल्यांकडे खरवडलेल्या भिंतींचे स्पष्ट फोटो असतील तर तेही टाका, प्लीज.