अभिजितसाठी गाडी बघतोय, मदत हवी आहे

स्मिता, बी ४०३: नमस्कार सगळ्यांना 🙏 गाडीबद्दल विचारायचंय, मेसेज जरा मोठा आहे. अभिजितला तुम्ही सगळे ओळखताच, सहा फूट दोन इंच उंची आणि वजन दीडशे किलोच्या आसपास, खांदेही रुंद. त्याचं ऑफिस आता चाकणला गेलंय आणि कंपनीची बस आपल्या बाजूला येत नाही, म्हणजे रोज नवले पूल, चांदणी चौक, वाकड, नाशिक फाटा आणि पुढे भोसरी मोशी. आत्ताच्या हॅचबॅकमध्ये सीट पार मागे नेली तरी स्टिअरिंग पोटाला टेकतं, क्लच दाबायला पाय उचलला की मांडी स्टिअरिंगला घासते, घरी येतो तेव्हा कंबर आणि डावा गुडघा दोन्ही धरलेले असतात. बजेट सोळा लाख ऑन रोड. शोरूमला गेलो की सगळीकडे एकच, मॅडम मोठी एसयूव्ही घ्या, आणि पाच मिनिटं बसवून लगेच कोटेशन. कोणाच्या घरी असं कोणी असेल तर प्लीज खरं काय ते सांगा.

रोहन, सी ७०१: वहिनी डोळे झाकून स्कॉर्पिओ एन घ्या, रोडवर कोणी आडवं येणार नाही

ए ब्लॉकमधील सदस्य: हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे

वैशाली, ॲडमिन: ज्यांनी तो टेम्पोवाला मेसेज टाकला आणि काढला त्यांना सांगते, माणूस रोज चार-चार तास गाडीत त्रास काढतोय आणि त्याची बायको मदत मागतेय, इथे हसण्यासारखं काहीही नाहीये. ज्यांना माहिती आहे त्यांनीच लिहा.

अरविंदकाका, ए २०१: स्मिता, मी चाकणच्या एका सीट बनवणाऱ्या कंपनीत नोकरीची बरीच वर्षं काढली त्यामुळे या विषयावर मला बोलायलाच हवं. आधी एक गोष्ट डोक्यातून काढ, की मोठी गाडी म्हणजे मोठ्या माणसाची गाडी. गाडी बाहेरून कितीही रुंद असली तरी ड्रायव्हरला मिळते ती जागा दार आणि मधला कन्सोल, म्हणजे दोन सीटमधला गिअरचा भाग, यांच्यामधली, आणि हल्ली मोठ्या गाड्यांमध्ये तो कन्सोल इतका जाड करतात की डावा गुडघा सतत त्याला लागून राहतो. क्रॅश टेस्टमध्ये ड्रायव्हरच्या जागी जो पुतळा बसवतात तो साधारण १७५ सेंमी उंच आणि ७८ किलोचा असतो, मोठ्या पुरुषाचा म्हणून जो वेगळा पुतळा असतो तोसुद्धा १८८ सेंमी आणि १०१ किलो. म्हणजे उंचीत अभिजित त्या मोठ्या पुतळ्याएवढाच आहे पण वजनात त्याच्या दीडपट. त्यामुळे नेटवर जे सहा फुटी लोक लिहितात ना की मला मस्त जागा मिळते, ते सडपातळ असतात, त्यांना डोकं आणि गुडघे एवढंच बघायचं असतं. आपल्याला पोट, मांडी, खांदा आणि बेल्ट बघायचाय.

अरविंदकाका, ए २०१: आता बसल्यावर काय बघायचं. स्टिअरिंग फक्त वरखाली होतं की मागेपुढेही होतं हे पहिलं विचार. त्याची सीट पार मागे जाणार, मग हात पोचायला स्टिअरिंग थोडं बाहेर यावं लागतं आणि पोटासाठी वर जावं लागतं, दोन्ही हालचाली हव्यात. स्कॉर्पिओ एनला ते फक्त वरखाली होतं, रोहन. एअरबॅगचं कव्हर आणि छातीचं हाड यात किमान २५ सेंमी अंतर पाहिजे, म्हणजे जवळजवळ एक वीत आणि वर एक-दोन बोटं, एअरबॅग फार जोरात उघडते आणि जवळ बसलेल्या माणसाला तीच लागते. स्टिअरिंगची खालची बाजू सपाट असेल तर मांडीला थोडी जास्त जागा मिळते. सीटच्या दोन्ही कडा ज्या वर आलेल्या असतात, स्पोर्टी सीट म्हणून जे कौतुक चालतं, त्या मोठ्या माणसाला मांडीत आणि बरगडीत रुततात, शोरूमला कळत नाही पण तासाभराने कळतं. साधी सपाट रुंद सीट बघ. आणि सनरूफ नसलेलं मॉडेल माग, सनरूफच्या फ्रेमने छत खाली येतं.

रोहन, सी ७०१: काका सीट मागे न्यायला लांब रेल टाकून मिळते ना, नाना पेठेत माझ्या मित्राने विचारलं होतं

अरविंदकाका, ए २०१: नाही, हे अजिबात करू नका. सीटचे बोल्ट, रेल आणि बेल्टचा खालचा हुक हे सगळं एकत्र टेस्ट झालेलं असतं, धडक झाली तर दीडशे किलोचा झटका त्याच चार बोल्टवर येतो, तिथे बाहेरून केलेली पट्टी टिकत नाही. शिवाय कंपनीने दिलेल्या गाडीत असा फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतो, आणि उद्या इन्शुरन्सवाला प्रश्न विचारणार तो वेगळा. फोम एखाद इंच कमी करून चांगला कारागीर बसवून देतो, ते समजू शकतो, पण सीटमध्ये साइड एअरबॅग असेल तर त्या शिलाईला हात लावायचा नाही आणि वरून जाड कव्हरही चढवायचं नाही.

मेघना फिजिओ, डी १०२: अरविंदकाकांनी बेल्टचा विषय काढलाच आहे तर मी लिहिते. खालचा पट्टा पोटाच्या वरून घेऊ नका, पोटाच्या खाली, कमरेच्या दोन्ही हाडांवर घट्ट बसला पाहिजे, आणि वरचा पट्टा खांद्याच्या मधून. पोटावर पट्टा असला आणि ब्रेक जोरात लागला तर सगळा दाब आतल्या अवयवांवर जातो. काही जण बेल्ट पुरत नाही म्हणून पाठीमागून लावून टाकतात किंवा नुसती क्लिप खोचून ठेवतात, बीप बंद होते पण संरक्षण शून्य. दंड हजार रुपये आहे तो तर सोडाच. आणि ऑनलाइन जे स्वस्त एक्स्टेंडर, म्हणजे बेल्ट लांब करायचे जोडपट्टे, मिळतात ते घेऊ नका, त्या गाडीसाठी कंपनीकडून मिळतो का ते बुकिंगच्या आधी लेखी विचारा. ट्रायलला बसताना तो नेहमीचे कपडे आणि नेहमीचे बूट घालून येऊ दे. रुंद बुटात दोन पेडल एकदम दाबली जातात का तेही बघा. आणि गुडघ्याचं ऐकलं म्हणून सांगते, ऑटोमॅटिकच घ्या स्मिताताई, नवले पुलावरच्या गर्दीत क्लच म्हणजे त्या गुडघ्याला रोजची शिक्षा आहे.

शकीलभाई, डी ३०४: वहिनी माझ्या एअरपोर्टला गाड्या आहेत, माझा एक ड्रायव्हर अभिजितभाऊंएवढाच आहे, जरा कमी असेल. त्याने मला शिकवलं ते सांगतो, सीट आपल्या कमरेच्या उंचीला पाहिजे. खाली असली तर उठताना गुडघे जातात, फार वर असली तर चढताना एका पायावर सगळं वजन येतं आणि पायरी पावसात घसरते. उभं राहून नुसतं मागे सरकलं की बूड सीटवर आलं पाहिजे, मग पाय आत. इनोव्हा क्रिस्टात हे छान जमतं आणि स्टिअरिंग दोन्हीकडे ॲडजस्ट होतं, पण नवी तुमच्या बजेटच्या बाहेर जाते आणि आता ती मॅन्युअलमध्येच येते, ऑटोमॅटिक हवी तर जुनी शोधावी लागेल, मी मदत करीन, माझा ओळखीचा माणूस आहे जो मीटर फिरवलेली गाडी लगेच ओळखतो. बजेटमध्ये अर्टिगा ऑटोमॅटिक बघा, दिसायला साधी आहे पण त्या सीटवर लोक दिवसभर बसतात. टायरची हवा पण दाराच्या आतल्या स्टिकरवर लिहिलेली असते तेवढी ठेवा, ड्रायव्हरची बाजू आमच्याकडे जास्त घासते.

सुमनकाकू, ए ३०५: आमच्याकडे कुर्ल्याच्या कारखान्याची पद्मिनी होती त्यात पुढे सलग सीट आणि गिअर स्टिअरिंगला, मधे काही म्हणजे काही नाही. आमचे भाऊजी चांगले आडदांड होते, ऐसपैस बसायचे आणि पुणे कोल्हापूर चालवायचे. आता मधे एवढं काय भरून ठेवतात देव जाणे.

अरविंदकाका, ए २०१: सुमनवहिनी अगदी बरोबर बोललात. इलेक्ट्रिकमध्ये ती सोय थोडी परत येतेय, गिअरबॉक्स नाही, तळ सपाट, एमजी विंडसरला गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशीच आहे. चार्जिंग पॉइंटचा विषय इथे काढत नाही, तो सोसायटीच्या वार्षिक सभेत बोलू, पण ट्रायल घ्यायला हरकत नाही.

स्मिता, बी ४०३: सगळ्यांचे मनापासून आभार. काल आणि आज आम्ही टेप घेऊन फिरलो. अभिजितने पहिल्यांदा एका गाडीत बसून स्वतःहून सांगितलं की इथे बरं वाटतंय, नाहीतर तो चालेल चालेल म्हणून मोकळा होतो आणि त्रास अंगावर काढतो. पण घरी येऊन पार्किंग मोजलं आणि नवीनच काळजी लागली. आपला स्लॉट अडीच मीटर रुंद आहे, उजवीकडे पिलर. सफारी १९२२ मिमी रुंद, स्कॉर्पिओ एन १९१७, म्हणजे गाडी बरोबर मधे लावली तर एका बाजूला जेमतेम २९ सेंमी उरतात. एवढ्या फटीतून तो कसा उतरणार? अर्टिगा १७३५ आहे, तिथे ३८ सेंमी, तेही पिलर आहेच. म्हणजे ज्या गाडीत तो नीट बसतो तिच्यातून आपल्याच घरी उतरता येत नाही.

अरविंदकाका, ए २०१: हे फार महत्त्वाचं मोजलंस, शोरूमवाला हे कधीच सांगत नाही. गाडी रिव्हर्स लावली की ड्रायव्हरची बाजू बदलते, मग पिलर डावीकडे येईल, गाडी पिलरला चिकटवून लावायची आणि उजवीकडे सगळी जागा ठेवायची. मान आणि कंबर वळवायला त्याला त्रास असणार म्हणून मागचा कॅमेरा पाहिजेच. दार पूर्ण उघडल्यावर सीटची कड आणि गाडीच्या पुढच्या-मागच्या दारांमधला खांब यातली जागाही मोज, काही गाड्यांत खांब इतका पुढे असतो की सीट मागे नेली की खांदा खांबाच्या मागेच जातो.

स्मिता, बी ४०३: पण रिव्हर्स लावली तर उजवीकडे ४०४ ची गाडी असते काका, ते पण रेषेला लागून लावतात, त्यांचाही इलाज नाही कारण त्यांच्या पलीकडे भिंत आहे.

माधव, सेक्रेटरी: माझ्याकडे नकाशा आहे, बघतो. गेटजवळचा १७ नंबर कोपऱ्यातला आहे, उजव्या हाताला जिन्याची मोकळी जागा, तिथे दार पूर्ण उघडेल. तो मात्र सी ६०२ चा आहे, त्यांनाच विचारावं लागेल.

नीलिमा, सी ६०२: विचारायचं काय त्यात, माझी वॅगन आर १६२० मिमीची आहे, मी स्मिताच्या स्लॉटमध्ये आरामात लावीन. मला फक्त पावसात लिफ्टपर्यंत थोडं चालावं लागेल, चालेल. स्मिता तू आधी का नाही बोललीस गं.

माधव, सेक्रेटरी: छान. अदलाबदलीचं दोघींच्या सहीचं पत्र द्या, कमिटीच्या मीटिंगमध्ये नोंद करून घेऊ, म्हणजे उद्या कोणी फ्लॅट विकला तरी वाद नको.

स्मिता, बी ४०३: नीलिमाताई काय बोलू, अभिजित शेजारीच बसलाय, त्याने तुमचा मेसेज परत परत वाचला. शनिवारी सकाळी शोरूमचा माणूस अर्टिगा ऑटोमॅटिक घेऊन इथे येतोय, मी त्याला स्पष्ट सांगितलंय की आधी आमच्या पार्किंगमध्ये लावून, उतरून बघणार आणि मग कात्रजच्या जुन्या घाटातून एक तासाची फेरी मारणार, त्याशिवाय बुकिंग नाही. विंडसर रविवारी येतेय. काका तुम्ही याल का?

अरविंदकाका, ए २०१: येतो, टेप मी आणतो. नाश्ता करून निघू, रिकाम्या पोटी स्टिअरिंगचं अंतर मोजू नकोस, जेवल्यावर वेगळं येतं.

शकीलभाई, डी ३०४: मी पण आहे शनिवारी. एक्स्टेंडरचं त्या माणसाला आजच फोनवर विचारून ठेवा, आयत्या वेळी ते हो हो म्हणतात.

माधव, सेक्रेटरी: १७ नंबरच्या मागे जिन्याखाली ज्यांची ॲक्टिव्हा आणि जुना कूलर आहे त्यांनी शुक्रवार रात्रीपर्यंत हलवा, वॉचमनला सांगितलंय.