ब्रेडेड दोऱ्याला कोणती गाठ टिकते? उजनीत दोन रविवारी दोन ल्युअर गेले

भीमाकाठचा
सरळ विचारतो. ब्रेडेड, म्हणजे वेणीसारख्या विणलेल्या दोऱ्याला न सुटणारी गाठ कोणती? होडीमागं ल्युअर, म्हणजे गळ लावलेला नकली मासा, ओढत फिरतो आम्ही, ट्रोलिंग. मागच्या रविवारी एक ल्युअर गेला, या रविवारी दुसरा. दुसऱ्या वेळी मासा मोठा होता. रॉड पार वाकला, रील कर्रकन फिरलं आणि एकदम सगळं ढिलं. तंगूस, साधा एकेरी नायलॉन दोरा, वापरायचो तेव्हा हीच गाठ वर्षानुवर्षं टिकली. येत्या रविवारी परत जायचंय, त्यानंतर मामांची होडी महिनाभर मिळणार नाही. व्हिडिओ बघा म्हणून सांगू नका, सगळे बघितले, प्रत्येक जण वेगळी गाठ दाखवतो.

टेंभुर्णीचा गळ
"हीच गाठ" म्हणजे कोणती? दोरा किती पाउंडाचा? लीडर, म्हणजे ल्युअरच्या आधी जोडायचा वेगळ्या दोऱ्याचा तुकडा, लावलाय की ब्रेडेड थेट ल्युअरला? स्विव्हल, फिरती कडी, आहे का? आणि मुख्य म्हणजे हातात राहिलेलं टोक कसं दिसतंय?

भीमाकाठचा
दोरा ३० पाउंडाचा. टोक कसं दिसायला पाहिजे? टोक म्हणजे टोक.

टेंभुर्णीचा गळ
नाही हो, सगळं तिथंच कळतं. टोकाला शेवटच्या इंचभरात नागमोडी वळ्या राहिल्या असतील तर गाठ सरकून सुटली. टोक सरळ आणि कापल्यासारखं असेल तर दगडानं किंवा दातानं कापला. अलीकडं बरंच अंतर दोरा पिंजल्यासारखा झाला असेल तर कुठंतरी घासत होता. तिन्हीला उपाय वेगळे. नवीन गाठ शिकून कापलेला दोरा वाचत नाही.

मागवाला
सोलापुरात राहून गाठ विचारताय? आमच्या घरात तीन पिढ्या माग. सूत तुटलं की डोळे मिटून विणकरी गाठ मारायची, गाठ एवढीशी की फणीतून आरपार जाते. मासेमारीच्या जाळ्याच्या घरालाही तीच गाठ असते, कुठल्याही जाळं विणणाऱ्याला विचारा. हजार वर्षं चाललेली गाठ सोडून इंग्रजी नावं कशाला शोधायची?

डोहकाठी
मागवाले दादा, सुताला ती गाठ बसते कारण सुताला लव असते, धागा धाग्याला धरतो. ब्रेडेड हा पॉलिथिलीनचा दोरा. मेणासारखा गुळगुळीत, ताण दिला तरी लांबत नाही, दबत नाही. त्याला विणकरी गाठ मारून ओढून बघा, सुर्रकन निघते. दोन दोरे जोडायला ती होती, कडीला बांधायला नव्हतीच. आणि नायलॉनच्या जाळ्यातसुद्धा गाठ सरकू नये म्हणून दुहेरी मारतात.

मागवाला
आमच्या मागावर आता पॉलिएस्टरही चालतं. तेही गुळगुळीतच. निघत नाही.

डोहकाठी
मागावरच्या धाग्याला किती किलोचा झटका बसतो? इथं चालत्या होडीचा वेग आणि माशाची ओढ एकदम येते.

रीलप्रेमी
रील कोणतं आहे? बेटकास्टर घ्या, स्पिनिंगवर ट्रोलिंग करूच नये. माझ्याकडचं…

टेंभुर्णीचा गळ
रीलचं त्यांनी विचारलेलं नाही. भीमाकाठचा, टोक बघितलं का?

भीमाकाठचा
बघितलं. मागच्या वेळचं ठेवलं नव्हतं, या रविवारचं आहे. शेवटाला नागमोडी आहे, पाच-सहा वळ्या. गाठ म्हणाल तर आजोबांनी शिकवलेली. दोरा ल्युअरच्या डोळ्यातून, म्हणजे कडीतून काढायचा, स्वतःभोवती पाच पीळ, टोक खालच्या फटीतून वर काढून ओढायचं. लीडर नाही, थेट ल्युअरला. टोक सुटू नये म्हणून लायटरनं थोडं जाळून गोळी करतो.

टेंभुर्णीचा गळ
मग उत्तर मिळालं. याला क्लिंच म्हणतात. तंगुसाला उत्तम, कारण तंगूस स्वतःच थोडा दबतो आणि पीळ एकमेकांत रुततात. ब्रेडेडला पाच पीळ कमीच, त्यातून कोरडी ओढली असेल तर आणखी कच्ची. आजोबांची गाठ वाईट नाही, दोरा बदलला. आणि लायटर आजपासून बंद. हा दोरा दीडशे अंशाच्या आसपासच वितळतो. गोळी करताना गाठीच्या आतला दोरा भाजला तर बाहेरून दिसत नाही, ताण आला की तिथंच तुटतो. गाठ थुंकीनं किंवा पाण्यानं ओली करून हळू आवळा, शेपूट तीन-चार मिलिमीटर ठेवा. बास.

गाठ पालोमार. दोरा दुहेरी करून डोळ्यातून काढा, साधी सैल गाठ मारा, राहिलेल्या फाशातून सगळा ल्युअर पार करा, ओली करून आवळा. डोळ्यावर दोरा दुहेरी बसतो म्हणून सरकत नाही.

डोहकाठी
तीन तिहेरी गळांचा ल्युअर फाशातून काढताना दर वेळी गळ दोऱ्यात अडकतो. होडीत बसून तर नकोच. पालोमार ल्युअरला मारूच नका, स्नॅपला, म्हणजे उघडझाप होणाऱ्या बारीक कडीला मारा आणि ल्युअर स्नॅपला अडकवा. स्नॅपमुळं ल्युअर मोकळा हलतोही. गाठ थेट डोळ्यावर आवळली की बऱ्याच ल्युअरची चाल मरते.

पण माझं म्हणणं आहे की ब्रेडेड मुळात ल्युअरपर्यंत जाऊच नये. मध्ये मोनोचा, म्हणजे तंगुसाचाच लीडर हवा. तंगूस ताणतो, झटका गिळतो. ब्रेडेड गिळत नाही, सगळा धक्का गाठीवर आणि गळावर.

भीमाकाठचा
लीडरला जोडायला कोणती गाठ? ती पण सुटली तर?

डोहकाठी
एफजी. ब्रेडेड ताणून धरून लीडरभोवती एकदा वरून एकदा खालून असे वीसेक वेढे, मग अर्ध्या गाठी. बारीक होते, गाइडमधून, रॉडवरच्या कड्यांतून, अलगद जाते. याच्यावर दुसरी नाही.

टेंभुर्णीचा गळ
घरी टेबलावर बसून ठीक. हलत्या होडीत, वाऱ्यात एफजी? मी दहा वेळा मारली असेल, चार वेळा वेढे सैल पडले आणि जोड हातात आला. डबल युनी मारा. दोन्हीकडून युनी, म्हणजे सरकत आवळणारी वेढ्यांची गाठ, ब्रेडेडला आठ वेढे, लीडरला पाच. थोडी जाड होते, पण लीडर रॉडच्या टोकाबाहेरच राहील इतका, चार-पाच फूट ठेवला तर गाइडचा प्रश्नच नाही.

डोहकाठी
चार-पाच फुटांचा लीडर शिवडा माशाला पुरत नाही. त्याचे बारीक दात दोरा कानसून काढतात, त्यात तो अंगाला पीळ देतो.

टेंभुर्णीचा गळ
लीडर जाड ठेवा, ५० पाउंडाचा. लांबीपेक्षा जाडी कामाची.

कुगावकर
शिवडा कोण धरतोय? इथं चिलापी सोडून काय उरलंय. कणकेची गोळी लावा, काठावर बसा, ल्युअरही जात नाही आणि डिझेलही जळत नाही.

भीमाकाठचा
काका, विचारलं ते ट्रोलिंगचं.

पळसदेव_पाणी
एक गोष्ट कुणी बोललं नाही. १९८० ला धरण झालं तेव्हा घरं, विहिरी, झाडं तशीच बुडाली. पाणी कमी झालं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, तशा भिंती जागोजाग आहेत. ल्युअर खोल जाणारा असेल तर मासा म्हणून ओढताय ते बाभळीचं खोडही असू शकतं. मोठा मासा होता म्हणता, डोकं झटकत होता का? नुसता जड ताण होता का?

भीमाकाठचा
झटकत होता. दोन-तीन वेळा ठोका आला, मग गेला.

टेंभुर्णीचा गळ
मग मासाच. रीलचा ड्रॅग, म्हणजे ओढ आली की दोरा सोडणारा ब्रेक, किती लावलाय?

भीमाकाठचा
घट्ट. गळ रुतावा म्हणून.

टेंभुर्णीचा गळ
हे आधी सांगायचं! ३० पाउंड म्हणजे साडेतेरा किलो, ड्रॅग त्याच्या पाव ते एक तृतीयांश. साडेतीन ते साडेचार किलो. लटकता काटा लावून मोजा, अंदाजानं नको. होडी चालते तेव्हा गळ आपोआप रुततो.

कुगावकर
आणि ऐका, लाइफ जॅकेट घालूनच जा. मे २०२४ मध्ये कळाशी-कुगावच्या मध्ये वादळात बोट उलटली, सहा जण गेले. गाठीवर एवढी चर्चा चाललीय, पण दुपारनंतर काळा ढग दिसला की ल्युअर गुंडाळा आणि काठाला लागा. मामांनाही सांगा.

भीमाकाठचा
दोन जॅकेट आहेत, मामांचं जुनं झालंय. शनिवारी नवीन घेतो.

रद्दीवाल्याचा लटकता काटा आणून बघितलं. माझी गाठ कोरडी, पाच पीळ: सहा किलोच्या जरा पुढं सरकून निघाली, नागमोडी टोक तसंच. पालोमार ओली करून: काटा दहाला टेकला तरी हलली नाही. पुढं ओढलं नाही, दोरा बोटात रुतायला लागला होता. पुढच्या वेळी काठीला गुंडाळून ओढेन. आता डबल युनी मारायला बसलोय, आठ वेढ्यांत तिसरा-चौथा एकमेकांवर चढतो. तसंच आवळायचं की सोडून परत मारायचं?

टेंभुर्णीचा गळ
सोडून परत. वेढे शेजारी शेजारी बसले पाहिजेत. चढलेला वेढा ताणाखाली खालच्याला कापतो.

मागवाला
टोक डाव्या चिमटीत धरून उजव्या हातानं फिरवा, चढणार नाही. सूत भरताना आम्ही तसंच करतो.

भीमाकाठचा
बसली. मागवाले काका, डाव्या चिमटीनंच बसली.