‘हेल राइड’ ही मानवंदना नाही, नुसती जाकिटं आहेत

शेवटची रांग
काल या फोरमवर एका सदस्याने लिहिलं की २००८ चा ‘हेल राइड’ ही साठच्या दशकातल्या बाइकर टोळ्यांच्या सिनेमांना दिलेली सगळ्यात अस्सल मानवंदना आहे, आणि ज्यांना तो आवडत नाही त्यांनी मूळ सिनेमे पाहिलेलेच नाहीत. वाचून डोकं फिरलं. मी पाहिलेत, म्हणूनच तो आवडत नाही.

दिग्दर्शक रॉजर कॉर्मनचा ‘द वाइल्ड एंजल्स’ घ्या. १९६६, बजेट साडेतीन लाख डॉलरच्या आसपास. दोनच वर्षांपूर्वी माँटरेच्या प्रकरणाने (हेल्स एंजल्स या बाइकर टोळीवर सामूहिक बलात्काराचा आरोप झाला होता) कॅलिफोर्नियातले पेपर भरले होते, १९६५ मध्ये राज्याच्या ॲटर्नी जनरलने या टोळ्यांवर अहवाल काढला होता. लोक खरोखर धास्तावले होते आणि कॉर्मनने ती धास्ती ताजी असतानाच पडद्यावर आणली. गर्दीत खरे हेल्स एंजल्स उभे केले. ठरलेला नायक जॉर्ज चाकिरिस बाइकवर बसायला तयार होईना, म्हणून दुय्यम भूमिकेतल्या पीटर फोंडाला पुढे आणलं. शेवटी मित्राच्या अंत्यविधीत चर्चची नासधूस होते, सायरन ऐकू येतात, सगळे पळतात आणि फोंडा ‘जायला जागाच नाही’ म्हणत कबरीवर माती लोटत राहतो. सिनेमा ओंगळ आहे, पण तो कुठल्या भीतीतून आलाय ते प्रत्येक फ्रेममध्ये कळतं.

‘हेल राइड’मध्ये १९७६ मधल्या एका खुनाचा सूड आहे. बाकी दाढ्या, चामडं, उघड्या बायका आणि बाइकवरून उतरण्याच्या पोझेस. कोण कशाला घाबरतंय, कुणाला कुठून पळायचंय, काही नाही. मूळ सिनेमांत जे नाइलाजाने झालं होतं, त्याचीच इथे शैली केली आहे.

बिनब्रेक
कालचा तो सदस्य मीच. दिग्दर्शकाचं नाव मुद्दाम गाळलंत का? लॅरी बिशप १९६८ च्या ‘द सॅव्हेज सेव्हन’मध्ये होता. ‘एंजल अनचेन्ड’मध्ये होता, ‘क्रोम अँड हॉट लेदर’मध्ये होता. दिग्दर्शक टॅरँटिनोने मागे लागून त्याला हा सिनेमा लिहायला, करायला लावला. ‘हेल राइड’मधला डेनिस हॉपर तर ‘ईझी रायडर’ या १९६९ च्या गाजलेल्या बाइक-सिनेमाच्याही आधी ‘द ग्लोरी स्टॉम्पर्स’मध्ये टोळीचा म्होरक्या होता. ही माणसं साठीला आल्यावर परत एकत्र येऊन तेच करतायत, त्याला तुम्ही नक्कल म्हणता?

माझे काका रिटायर झाल्यावर कॉलेजचे मित्र गोळा करून बुलेटवर कोयनेला गेले. गुडघे दुखत होते, घरचे ओरडत होते. त्या माणसाचा परत आल्यावरचा चेहरा पाहिला असतात, तर ‘हेल राइड’ कळला असता.

निशिगंध
तुम्ही दोघंही एवढं लिहिता आणि बायकांबद्दल तुमचं सगळं मिळून ‘उघड्या बायका’ एवढे दोन शब्द. ज्या चर्चच्या प्रसंगाचं वरती कौतुक झालंय, त्यात मेलेल्या माणसाच्या विधवेवर बलात्कार होतो. ते का लिहिलं नाहीत?

१९६६ चं १९६६ ला. पण २००८ मध्ये, बेचाळीस वर्षांनी, सगळं हातात असताना एका माणसाला बायकांसाठी सुचतं काय, तर कपडे काढणं आणि द्व्यर्थी संवाद. १९६८ च्या ‘शी-डेव्हिल्स ऑन व्हील्स’मध्ये बायकांची टोळी आहे, शर्यत जिंकणारी बाई रांगेतल्या पुरुषांतून आपला पुरुष निवडते. सिनेमा फालतू, अभिनय भयंकर. तरी ‘हेल राइड’पेक्षा जास्त कल्पनाशक्ती त्यात आहे.

आणि काकांचं सांगितलंत म्हणून माझंही ऐका. कॉलेजात असताना संध्याकाळी स्कूटरवरून येत होते, चार-पाच बाइकवाल्यांनी घेरलं. पुढे एक, मागे दोन, बाजूला एक. काही केलं नाही, फक्त हसत होते. पेट्रोल पंपापर्यंत तसेच आले. त्यानंतर घोळक्यातल्या बाइक्सचा आवाज मला रोमँटिक वाटलेला नाही.

बिनब्रेक
झालं ते वाईटच. पण त्याचा सिनेमाशी काय संबंध? आम्ही दर रविवारी राइडला जातो, रस्त्यात अपघात दिसला तर आधी आम्ही थांबतो. बाइकवाला दिसला की गुंड म्हणायचं, याचा आता खरंच वीट आलाय.

निशिगंध
गुंड कुणाला म्हटलंय ते दाखवा. नसेल दाखवता येत तर शब्द मागे घ्या.

गॅरेजवाला
अवांतर आहे, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. हॉपर, फोंडा, टॅरँटिनो सगळे आले. ‘ईझी रायडर’च्या बाइक्स कुणी बनवल्या? क्लिफ वॉज आणि बेन हार्डी. दोघे कृष्णवर्णीय, हार्डी लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागातला. लिलावातून आणलेल्या जुन्या पोलिसी हार्ली कापून, पुढच्या चाकाचा फोर्क लांबवून ‘कॅप्टन अमेरिका’ ही फोंडाची बाइक उभी केली. सिनेमाच्या श्रेयनामावलीत त्यांची नावं नाहीत. २०१४ मध्ये तिच्या लिलावात साडेतेरा लाख डॉलरची बोली लागली आणि खरी गाडी कुठली यावरून वाद झाला. बनवणाऱ्यांना तोवर फारसं कुणी विचारलं नव्हतं, हार्डी तर वारलाही होता.

माझे वडील सांगलीत जावा-येझदीची कामं करायचे. भंगारातून आणलेल्या इंजिनावर रात्र-रात्र बसून त्यांनी एक गाडी उभी केली, तिला बक्षीस मिळालं. पेपरातल्या फोटोत मालक, मालकाचा मुलगा आणि गाडी. वडील कॅमेऱ्याच्या मागे किल्ली घेऊन उभे होते.

बिनब्रेक
वडिलांबद्दल आदर आहे. पण त्या बाइकची कल्पना आपली असं फोंडा सांगायचा.

गॅरेजवाला
कल्पना सांगायला तोंड लागतं. फोर्कचा कोन बदलला की गाडी वळणावर कशी वागते, वेल्ड कुठे तुटेल, हे हाताला कळावं लागतं. आयुष्यभर हेच ऐकलंय, ‘कल्पना साहेबांची’. सिनेमावाल्यांनी केलं, साहेबांनी केलं, आता तुम्हीही करताय.

शेवटची रांग
विषयावर या की. हे महत्त्वाचं आहे, पण वेगळा धागा काढा.

सॅन होजेकर
वेगळा कशाला, हाच विषय आहे. २०२४ मध्ये थिएटरांत आलेला ‘द बाइकरायडर्स’ ज्या १९६८ च्या फोटोपुस्तकावरून केला, ते डॅनी लायनचं. शिकागोच्या आउटलॉज क्लबचा तो स्वतः सदस्य होता. त्याआधी हाच लायन नागरी हक्क चळवळीत एसएनसीसी या विद्यार्थी संघटनेचा छायाचित्रकार होता, आणि १९६४ मध्ये मेरीलँडच्या केंब्रिजमध्ये त्याने काढलेल्या प्रसिद्ध फोटोत नॅशनल गार्डचे सैनिक ज्या तरुणाला धरून ओढतायत, तो क्लिफ वॉज. चळवळीतून बाइकच्या जगात दोघे आले. एकाच्या पुस्तकावर सिनेमा निघाला, दुसऱ्याचं नाव पडद्यावरही आलं नाही.

मी कॅलिफोर्नियातल्या हॉलिस्टर गावापासून तासाभरावर राहतो. १९४७ च्या जुलैत तिथे झालेल्या बाइकवाल्यांच्या दंग्याचा ‘लाइफ’ साप्ताहिकाने छापलेला फोटो, बाटल्यांच्या ढिगात बाइकवर बसलेला माणूस, मांडून काढलेला होता असं तिथले लोक आजही सांगतात. त्या गोंधळातून मार्लन ब्रँडोचा ‘द वाइल्ड वन’ आला. ‘बाइकरायडर्स’मध्ये टॉम हार्डीचा जॉनी तोच सिनेमा टीव्हीवर पाहून क्लब काढायचं ठरवतो. माणसं पडद्याची नक्कल करत टोळ्या बनली, हे ‘बाइकरायडर्स’ला दिसलंय. ‘हेल राइड’ला ते दिसत नाही, तो स्वतःच टीव्हीसमोर बसलाय.

निशिगंध
‘बाइकरायडर्स’ मी चिडायच्या तयारीने पाहिला. पार्टीत नायिका कॅथीला घेरतात तेव्हा कॅमेरा तिच्याबरोबर थांबतो, घेरणाऱ्यांबरोबर नाही. एवढं मी त्या दिग्दर्शकाला देते. तिला सोडवायला पुन्हा पुरुषच लागतो, ते मात्र खटकलं.

बिनब्रेक
ठीक आहे, ‘बाइकरायडर्स’ चांगला आहे. वॉजचं मला माहीत नव्हतं, बेन हार्डीचंही. गुंड तुम्ही म्हटलं नव्हतंत, तो शब्द मागे घेतो. पण ‘बाइकरायडर्स’ ही मानवंदना नाही, तो त्या सिनेमांची चिकित्सा करतो. बिशपला चिकित्सा करायचीच नव्हती, त्याला आपली विशी परत हवी होती, आणि ती मागण्याचा त्याला हक्क आहे असं माझं अजूनही मत आहे.

निशिगंध
त्याची विशी त्याला लखलाभ. त्या विशीत बायकांना काय वाट्याला आलं, ते कधी विचारणार?

गॅरेजवाला
आणि गाड्या कुणी जोडल्या, तेही विचारा. वॉज-हार्डीचा धागा मी आज रात्री टाकतोय. वडिलांच्या त्या गाडीचे फोटो आहेत, तेही देतो.