मे महिन्यात लिफाफा, नोव्हेंबरात कमळ – सांगलीची मतं फिरली कशी?

विश्रामबागकर:
एक गोष्ट डोक्यातनं जात नाही म्हणून विचारतोय. ७ मे २०२४ ला आमच्या घरातली पाचही मतं लिफाफा चिन्हाला गेली. विशाल पाटील अपक्ष असून १,००,०५३ मतांनी आले, गुलाल आमच्या दारापर्यंत आला होता. आणि सहाच महिन्यांत विधानसभेला सांगलीत भाजपचे गाडगीळ, मिरजेत खाडे, जतला पडळकर, खानापूरला शिंदे सेनेचे सुहास बाबर, म्हणजे सहापैकी चार जागा महायुतीला. आमच्याच घरात पाचातली तीन मतं फिरली. १९६२ पासून २०१४ पर्यंत लोकसभेला काँग्रेस सोडून दुसरं न बघितलेला हा जिल्हा, नक्की चाललंय काय?

बेदाणा_तासगाव:
भाऊ, ते मत काँग्रेसचं होतं हेच मुळात चुकीचं धरलंय तुम्ही. जागावाटप ठरायच्या आधीच उद्धव ठाकरेंनी मिरजेच्या सभेत त्यांच्या सेनेकडनं चंद्रहार पाटलांचं नाव जाहीर केलं, आणि वसंतदादांच्या नातवाचं, म्हणजे विशाल पाटलांचं तिकीट कापलं हे लोकांच्या जिव्हारी लागलं. त्यात भाजपचे तेव्हाचे खासदार संजयकाका पाटलांवर दहा वर्षांची नाराजी. चंद्रहार डबल महाराष्ट्र केसरी, पैलवान म्हणून आम्हाला आदरच आहे, पण डिपॉझिट गेलं. आमच्या शेडवर बेदाणा निवडायला बायका येतात, मे मध्ये त्यांच्या तोंडात फक्त "लिफाफा", नोव्हेंबरात "आबांचं पोरगं", म्हणजे आर. आर. आबांचे रोहित पाटील. काका कमळ सोडून घड्याळावर आले तरी रोहित पाटलांपुढं पडलेच. इथं माणूस बघून बटण दाबतात, चिन्ह नंतर.

जतचा_रहिवासी:
आमच्याकडं माणूसबी नाही, पाणी. पूर्व भागातली गावं म्हैसाळच्या विस्तारित पाणी योजनेकडं डोळे लावून बसलेत, पाणी मिळत नाही म्हणून कर्नाटकात जातो म्हणायची पाळी आलेली, २०२२ ला सगळ्या महाराष्ट्रानं बातम्यांत बघितलं ते. पडळकर आटपाडीचे, बाहेरचे म्हणून प्रचार झाला, पण २०१९ ला वंचितकडनं लोकसभेला ३ लाखांवर मतं घेतलेला माणूस आहे तो, स्वतःची मतं घेऊन भाजपात गेलाय. ज्याचं सरकार येणार त्याचा आमदार असला तर पाणी लवकर येईल, एवढाच हिशोब माझ्या वडिलांनी केला आणि मला तो चुकीचा वाटत नाही, टँकरची वाट बघत ज्यानं दिवस काढलेत त्यालाच ते कळतं.

गावभाग_सांगली:
सांगली शहरात तर आपलं आपणच केलं. पृथ्वीराज पाटील काँग्रेसचे, काँग्रेसच्याच जयश्रीताई पाटलांची बंडखोरी, आणि खासदार विशाल पाटील स्वतः ताईंच्या बाजूनं. एका घरातली मतं दोन ठिकाणी. गाडगीळ ३६ हजारांनी आले. पुढच्या जूनमध्ये ताई भाजपात गेल्या, त्यांच्यासाठी उन्हातान्हात फिरलेल्या पोरांना काय वाटलं असेल, मला त्याचं फार वाईट वाटतं.

कराडकर:
साताऱ्याचं पण बघा. लोकसभेला उदयनराजे ३२,७७१ नी आले आणि एका अपक्षाच्या पिपाणी चिन्हाला ३७ हजार मतं पडली. पवारसाहेबांच्या पक्षाची तुतारी समजून पिपाणी दाबली असं आमच्याकडं सगळे म्हणत होते, माझी आजी पण मशीनपुढं गोंधळली होती. पण विधानसभेला आठच्या आठ जागा महायुतीला, कराड दक्षिणला काँग्रेसचे पृथ्वीराजबाबा चव्हाण ३९ हजारांनी पडले. ते काय पिपाणीनं झालं नाही. २०१९ ला पवारसाहेबांची पावसातली सभा झाली तेव्हा हाच जिल्हा पोटनिवडणुकीत राजेंच्या विरोधात गेला होता.

विश्रामबागकर:
सगळ्यांचं वाचलं, धन्यवाद. घरी पण आज सरळ विचारलं. आई म्हणाली लाडक्या बहिणीचे पाच हप्ते मतदानाआधी खात्यावर आले, साडेसात हजार, त्यातनं तिनं दोन वर्षं थांबवलेलं दाढेचं काम करून घेतलं. आम्ही कोणी तिला त्या दाढेचं विचारलंच नव्हतं.